पाचवीचा इस्टांप

हैदराबादहून आलेलं पत्र कोकिळानं तीनदा मोठ्यानं वाचलं, तेव्हा कुठं बैठकीतल्या सगळ्यांच्या डोक्यात शिरलं, की राधाकिशनअण्णा एका दिवसात नऊ वर्षांनी म्हातारा झालाय.

"पुन्हा एकदा सांग," आबा म्हणाले. दिनकरराव पाटलांना उर्दू यायची, मोडी यायची, पण इंग्रजी म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. घरात इंग्रजी वाचणारी माणसं दोनच. एक अण्णा, जो पत्र फोडल्यापासून खांबाला टेकून बसला होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. दुसरी कोकिळा. परभणीच्या शाळेत ती यंदा वर्गात पहिली आली होती, सुटीत गावी आली होती, आणि अशा भर बैठकीत, बाप्यांच्या मधोमध उभं राहून वाचायला मिळालं म्हणून तिला आतून उकळ्याच फुटत होत्या. अण्णाचा चेहरा बघितला की त्या उकळ्या आपोआप खाली बसत.

"लंडनच्या विद्यापीठानं अण्णाला एलएल. एम.ला घेतलंय, ते पक्कं हाय," ती म्हणाली. "पण खर्च करणार हैदराबादचा ट्रस्ट. आणि ट्रस्टचा नियम असा की मुलगा तिसाच्या आतला पाहिजे. आपण शाळेच्या दाखल्याचा जो इंग्रजी तर्जुमा पाठवला, त्यात जन्माचं साल एकोणीसशे एकोणीस पडलंय. म्हणजे अण्णा छत्तीस वर्षांचा. म्हणून शिष्यवृत्ती रद्द. चूक असंल तर येत्या शुक्रवारच्या आत सरकारी पुरावा द्या, न्हाई तर ती दुसऱ्याला जाईल."

आज रविवार होता.

"छत्तीस!" लिंबाजीमामानं मांडीवर थाप मारली. मामा मायचा धाकटा भाऊ, कालच पालमहून आला होता, आणि भाचा समुद्र ओलांडतोय हे त्याला पहिल्यापासून पसंत नव्हतं. "आन् आमचा सटवाजी किती वर्साचा? तीस ना? मंग थोरला कोन झाला? ऊठ रं सटवाजी, पाया पड धाकट्या भावाच्या!"

मामा एकटाच हसला. सटवाजीदादा खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसकत बसला होता.

अण्णा पहिल्यांदा बोलला. "दाखल्यात नुसतं तेराशे सदतीस लिहिलंय, आबा. निजामाच्या राज्यात शाळा, कचेरी, जमिनीचे कागद सगळं फसली सालानं चालायचं. फसली तेराशे सदतीस म्हणजे एकोणीसशे अठ्ठावीस. मी सत्तावीस वर्षांचा. तर्जुमा करणाऱ्यानं ते साल मुसलमानी हिजरी धरलं. हिजरी तेराशे सदतीस म्हणजे एकोणीसशे एकोणीस. आकडा तोच, माणूस मात्र नऊ वर्षांनी मोठा."

"मंग शाळेत जाऊन नवा दाखला आन की."

"शाळेचं दफ्तर अठ्ठेचाळीसला रझाकारांच्या जाळपोळीत गेलं. माझ्यापाशी आहे ते एवढंच."

मग मामानंच तो प्रश्न विचारला. सगळ्यांच्या जिभेवर तो होता, पण काढायचा कुणी हे ठरत नव्हतं. "तर्जुमा कोनी करून आनला व्हता?"

अण्णा तेव्हा हैदराबादला मुलाखतीसाठी अडकला होता. दादा कापूस घेऊन परभणीला निघालेला. अण्णानं चिठ्ठी धाडली: घरातला दाखला घे, कचेरीबाहेरच्या मुन्शीकडून इंग्रजी करून घे आणि थेट ट्रस्टला रजिस्टर कर. दादानं तसंच केलं. लखोटा बंद होऊन गेला. आत काय लिहिलंय ते अण्णानं कधी बघितलंच नाही.

"सटवाजीनं," आबा म्हणाले.

"असं." मामानं पानाचा विडा गालात सरकवला. "चूक झाली म्हना. न्हाई तर एखाद्याला वाटलंबी असंल, पोरगं घरीच ऱ्हावं. श्रावणात कुळाच्या दाव्याची तारीख हाय. कोर्टात उभं ऱ्हायाला घरचा वकील असला तर बरंच असतंय की."

दाराच्या चौकटीआड सुमनवहिनीच्या बांगड्या वाजल्या. "मामा, एखाद्याला म्हंजी कुनाला? नाव घेऊन बोला."

"म्या कुटं नाव घेतलं, सुमनबाई? तुमीच घ्यायलाव."

हे मात्र खरं होतं, की दिवाळीपासून दादा दाव्याचं तुणतुणं लावून बसला होता. तू गेलास तर माझ्या बाजूनं कोण बोलणार, हे तो अण्णाला दहा वेळा म्हणाला होता. आता अण्णानं दादाकडं बघितलं. नुसतंच बघितलं. पण दादाला ते एखाद्या शिवीसारखं लागलं असावं. तो उठला, पायताण न घालताच बाहेर पडला.

कोकिळा त्याच्यामागं धावली. कुणी जा म्हणालं नव्हतं; पण कुणी जाऊ नको असंही म्हणालं नव्हतं, आणि अलीकडं तिला तेवढं पुरत असे.

दादा गोठ्यात बैलाच्या मानेखाली खाजवत उभा होता.

"दादा, मुन्शीनं तुला काय इचारलं व्हतं?"

"तू बी मला चोर समजायलीस का?"

"चोर असतास तर गाव सोडून पळाला असतास. गोठ्यात कोन पळतंय?"

दादाच्या मिशा जरा हलल्या. मग तो बैलाशीच बोलल्यासारखा बोलू लागला. "लय गर्दी व्हती. माझ्या मागं पंधरा-वीस मानसं. मुन्शीनं चष्म्याच्या वरून बगितलं आन् इचारलं, 'पाटील, हिजरी है ना?' मला काय ठावं हिजरी म्हंजी काय? वाटलं, असंल दाखल्याचं काही तरी नाव. म्हनलं, हौ जी."

"हौ जी?"

"हौ जी." दादानं बैलाची शेपटी उगाच सरळ केली. "इचारलं असतं, भाऊ, हिजरी म्हंजी काय, तर ते पंधरा-वीस लोक हसले असते. पाटलाचं पोरगं आन् अडानी. म्या दुसरीतून शाळा सोडली कोकिळे, औताला मानूस पायजे म्हनून. त्याचं मला काई न्हाई. पर चारचौघात इचारायची लाज वाटती."

कोकिळाला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. तिनं दोन्ही गिळलं. "मग हेच सांग की आत येऊन! मामाचं तोंड बंद हुईल."

"न्हाई सांगत. त्याहून वाईट ठरलेला बरा. वाइटाला लोक भेतात तरी. बावळटाला काय करत्यात?"

ती परत आली.

बैठकीत आता पुराव्याची चर्चा चालली होती. जन्मपत्रिका? ती केलीच नव्हती. सुईण? ती वारली. गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी? अण्णानं मान हलवली. ट्रस्टच्या लोकांना साल लिहिलेला, शिक्क्याचा, त्याच काळातला कागद हवा. आणि तेव्हाच आबा एकदम ताठ बसले.

"इस्टांप!"

"कसला इस्टांप?" मामा म्हणाला.

"अरे, ह्याच्या पाचवीचा!"

ही गोष्ट कोकिळानं लहानपणी ऐकली होती, पण आबा सांगायला लागले की ती नवीनच होत असे. सटवाजीच्या पाठचं एक लेकरू सहा दिवसांत गेलं होतं. त्याच्या पाचवीला रीतीप्रमाणं पाटा-वरवंट्याजवळ कोरा कागद, दौत आणि बोरू ठेवला होता, म्हणजे सटवाईनं येऊन कपाळीचं लिहावं. आणि दुसऱ्याच दिवशी लेकरू गेलं. आबा तेव्हा पंचविशीचे, नवे पाटील, कचेरीत ऊठबस असलेले. त्यांनी हिशेब केला तो असा: साध्या कागदावर लिहिलेलं कुणीही मोडतं. माणूस मोडतो, मग देवी का मोडणार नाही? राधाकिशन झाला तशी त्यांनी घोडी काढली, जिंतूरची कचेरी गाठली आणि आठ आण्यांचा इस्टांप आणला.

"म्हनलं, आता ह्याच्यावर लिही आन् मोडून दाखव!" आबांनी हवेत बोट नाचवलं. "सरकारी कागदावर लिहिलं की देवालाबी बदलता येत न्हाई. इस्टांपवाल्यानं इचारलं, पाटील, कारन काय लिहू? म्या सांगितलं ते ऐकून तो लय हसला. पर लिहिलं. माझं नाव, गाव, तारीख, कारन, शिक्का. समदं पाठीमागं. राधाकिशन, ह्याच्याहून मोठा पुरावा तुझ्या त्या लंडनातबी मिळायचा न्हाई!"

अण्णा उठून उभाच राहिला. "कुठाय तो?"

आबांनी आतल्या दाराकडं बघितलं. तिथं आता माय येऊन उभी होती, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. धुरपताबाईंच्या ताब्यात घरचे देव आणि देवांचं सगळं. तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

"जळाला," ती म्हणाली. "आपन वऱ्हाडात पळालो तवा. समदंच जळालं, त्यात त्योबी."

आणि ती आत गेली. अण्णा होता तसा पुन्हा खाली बसला. लिंबाजीमामानं, काही म्हणा, या वेळी विडा चघळणं थांबवलं.

कोकिळाच्या दंडाला चिमटा बसला. सुमनवहिनीनं तिला ओढत परसदारी नेलं, रांजणाआड उभं केलं.

"जळाला न्हाई," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "देवाऱ्यात हाय. सटवाईच्या टाकाखाली, पिवळ्या फडक्यात. म्या सोताच्या डोळ्यानं बगितलाय. पळताना आत्याबाईनं दागिनं इसरलं, पर त्यो चोळीत घालून नेला व्हता."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"मी सून हाय, वन्सं. तुमी लेक हायेत." वहिनीनं नाक पुसलं. "आत्याबाईचं गुपित म्या फोडलं नसतं. पर त्यो मामा माझ्या मानसावर आळ घ्यायलाय. ह्यांनी पाप केलं न्हाई, हे मला ठावं हाय. पत्र ऐकल्यापासून त्यांचं तोंड बगवत न्हाई."

वहिनी गेली आणि कोकिळा तिथंच रांजणाला टेकून उभी राहिली. माय खोटं बोलली होती. का बोलली, हे विचारायची गरजच नव्हती. कागद निघाला की अण्णा गेला. म्हणून कागद जळाला. मायला उघडं पाडलं तर ती पुन्हा म्हणेल, जळाला. आणि एकदा हट्टाला पेटली की देवारासुद्धा कुणाला शिवू देणार नाही. रडून भागणार नाही, कारण रडण्यात माय सगळ्यांची गुरू. मग मायला सगळ्यात जास्त कशाची चीड येते?

कोकिळानं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली. एकोणीस. एकवीस. आणि तिला असं काही हसू फुटलं, की तोंडात पदर कोंबायची वेळ आली, आणि पदर तर अजून नव्हताच. तिनं परकराचा घोळ कोंबला.

माय स्वयंपाकघरात सूप घेऊन डाळ निवडत होती. कोकिळा जवळ जाऊन बसली आणि कोळशाच्या तुकड्यानं जमिनीवर आकडे मांडायला लागली.

"सारवलेल्या भुईवर काय रेघोट्या काढायलीस?"

"गनित. माय, तुझं लगीन कवा झालं?"

"मानमोडीची साथ आली ना, तिथून तिसऱ्या वर्साला."

"साथ अठरा साली. म्हणजे एकवीस. तू केवढी होतीस?"

"अकरा वर्साची. कामून?"

"काई न्हाई." कोकिळानं एक रेघ ओढली आणि लांब सुस्कारा सोडला. "नुसती पंचाईत झाली. ट्रस्टच्या कागदात अण्णा एकोणीस साली जन्मलाय. आईचं नाव धुरपताबाई. म्हणजे त्यांच्या कागदाप्रमानं अण्णा झाला तवा तू नऊ वर्साची होतीस." ती क्षणभर थांबली. "आणि लगीन व्हायचं होतं."

सुपातली डाळ हलायची थांबली.

"काय म्हनलीस?"

"मी न्हाई म्हणत. कागद म्हणतोय. हैदराबादेत हाय त्यो कागद. तिथून लंडनलाबी जाईल."

"माझं नाव हाय त्यात?"

"सगळं नाव. गावासहित."

सूप उलटलं. डाळ चुलीपर्यंत गेली. धुरपताबाई पाटलीण, जिनं तीस वर्षांत बैठकीत पाऊल टाकलं नव्हतं, ती पदर सावरत थेट बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"अवो! तुमाला कळतंय का काय चाललंय? विलायतेच्या लोकांनी मला लग्नाच्या आदी लेकुरवाळी केलं! आन् तुमी पान खात बसलाव!"

आबांना आधी काहीच कळेना. कोकिळानं मागून हिशेब सांगितला. तो ऐकता ऐकता आबांचे डोळे मोठे होत गेले, आणि मामाचे त्याहून मोठे.

"माझ्या बहिनीच्या नावाला बट्टा?" लिंबाजीमामा ताडकन उठला. भाच्यानं समुद्र ओलांडू नये असं वाटणारा हाच तो मामा. "काय म्हनून ऐकून घ्यायचं? राधाकिशन, लाव दावा! आमच्या घरची पोरगी नवव्या वर्सी काचेच्या गोट्या खेळत व्हती, मी साक्ष देतो!"

"दावा कशाला," माय म्हणाली. ती देवघरात गेली. टाक हलल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळं फडकं होतं. आणि मग, सगळ्यांनी हात पुढं केल्यावर, तिनं ते एकदम छातीशी धरलं.

"हे उघडलं की सटवाईचं लिहिलेलं वाऱ्यावर जातं म्हनत्यात."

अण्णा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "पुढची बाजू तिची आहे, माय. ती मी बघणारसुद्धा नाही. पाठची बाजू सरकारची. तेवढीच उलटी धरू."

माय त्याच्याकडं बघत राहिली. "तुला ठावं हाय ना, म्या जळाला का म्हनलं ते?"

"आता कळलं."

"गडी मानूस दूर गेला की चिठ्ठ्या धाडतंय. पयल्यांदा आठ दिवसाला, मंग म्हयन्याला, मंग सनासुदीला. माझा बाप गेला व्हता हैदराबादेच्या फौजेत. मला वाचता येत न्हाई, म्हनून त्याच्या चिठ्ठ्या म्या मोजत व्हते."

"कोकिळा वाचून दाखवील."

"ती बी जाईल सासरी."

"मी काई इतक्यात जात न्हाई," कोकिळा म्हणाली, आणि आबांनी डोळे वटारले तरी तिनं वाक्य मागं घेतलं नाही.

मायला हसू आलं की रडू, ते पदराआड गेलं. फडकं मात्र तिनं अण्णाच्या हातात दिलं.

आबांनी कागद उलटा धरला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि एकेक शब्द बोटाखाली धरून वाचू लागले. घेणार, दिनकरराव पाटील, मौजे मांडवखेडा, तालुका जिंतूर. तारीख चौदा अमरदाद, सन तेराशे सदतीस फसली. कारण: मुलाची पाचवी.

"अमरदाद!" अण्णा ओरडला. गावात वकील म्हणून हळू बोलायची त्याची सवय कुठल्या कुठं गेली. "अमरदाद हा फसलीतला महिना. हिजरीत तो नसतोच! साल, महिना, कारण, शिक्का, सगळं एका जागी! आबा, तुम्ही देवीला बांधायला गेलात आणि ट्रस्टला बांधलंत!"

मामा आबांच्या पाठीवर थापा मारत होता. सुमनवहिनी दारात उघडपणे हसत होती. आणि तेवढ्यात बाहेरून, उन्हातून, दादा आत आला. त्यानं सगळं दाराआडून ऐकलं होतं बहुतेक. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"चूक माझी व्हती," तो म्हणाला. "मुद्दाम न्हाई केली. मुन्शीनं इचारलं, हिजरी का. मला हिजरी म्हंजी काय ते ठावं न्हवतं. म्या हौ जी म्हनलं." एवढं बोलायला त्याला शेतातल्या दिवसभराच्या कामापेक्षा जास्त घाम आला. "आता हसा."

कुणी हसलं नाही. अण्णा मात्र तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, कसाबसा खांब धरून उभा होता, आणि मग त्याच्यानं राहवलंच नाही.

"दादा, मी पहिल्यांदा हैदराबादला कॉलेजात गेलो ना, तेव्हा खानावळवाल्यानं विचारलं, परहेजी खाना? मला वाटलं, असेल काही तरी मराठी जेवणाचं नाव. मीपण म्हणालो, हौ जी. परहेजी म्हणजे आजाऱ्याचं पथ्य! महिनाभर मुगाचं पाणी आणि मऊ भात खाल्ला, बिनतिखटाचा. लाजेनं कुणाला विचारलं नाही. घरी पत्रात लिहिलं, जेवण उत्तम आहे."

दादा बघतच राहिला. "म्हनून तवा इतका वाळून आला व्हतास?"

"म्हणून!"

मग मात्र सगळं घर हसलं. दादा सगळ्यात उशिरा हसायला लागला आणि सगळ्यात उशिरा थांबला. अण्णानं त्याला ओढून शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाला, "मघाशी मी तुझ्याकडं तसं बघायला नको होतं." दादा म्हणाला, "दाव्याचं बग बाबा काई तरी जायच्या आदी." अण्णा म्हणाला, "परभणीचा माझा दोस्त उभा राहील. कागद मी तयार करून ठेवतो." दोघांचं भांडण मिटायला तेवढंच लागलं. बायकांना असल्या गोष्टीला निदान एक सण लागतो, असं वहिनी नंतर म्हणाली.

सोमवारी पहाटेच बैलगाडीनं जिंतूर, तिथून मोटारीनं परभणी. माय जन्मात पहिल्यांदा कोर्टात गेली. हाकिमापुढं तिनं अंगठा उठवला, शपथ घेतली, आणि लग्नाचं साल तर न विचारताच तीन वेळा सांगितलं. हाकिमानं इस्टांप उलटा बघितला, शिक्का बघितला, आणि सहज कागद सुलटा करायला गेला.

"साहेब!" माय ओरडली.

"काय झालं, बाई?"

"फुडं बगू नका. ती बाजू तुमची न्हाई."

"काय लिहिलंय पुढं?"

"ते सटवाईला इचारा."

हाकिमानं क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग अगदी अदबीनं, न बघता, कागद होता तसा खाली ठेवला. त्यानं पाठीमागची नक्कल करवून घेतली, खाली सही ठोकली, आणि मूळ कागद मायच्या हातात परत दिला. मंगळवारी नक्कल रजिस्टरनं गेली.

पुढचे बारा दिवस पोस्टमन दिसला की सगळे एकदम काही तरी काम काढून ओट्यावर यायचे. तेराव्या दिवशी पत्र आलं. कोकिळानं फोडलं आणि पहिली ओळ वाचून एवढ्या जोरानं किंचाळली, की शेजारची कडूबाई घागर टाकून धावत आली, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलं नव्हतं. ट्रस्टनं दिलगिरी व्यक्त केली होती. शिष्यवृत्ती कायम. बोट भाद्रपदात, मुंबईहून.

आबांच्या खांद्यावरून जणू पोतं उतरलं. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. दादानं अख्ख्या गल्लीला गूळ वाटला. मामाला पालमला पत्र गेलं. आणि अण्णा कितीतरी वेळ नुसता ओसरीतून अंगणात आणि अंगणातून ओसरीत फिरत होता.

सांजच्याला माय चुलीपुढं बसली होती. तिनं हाक मारली, "राधाकिशन, इकडं ये. बस."

"कुठं?"

"इथंच, परातीपुढं. तिकडं भाकर कोन टाकतंय?"

"तिकडं ज्वारीच नाही, माय. पाव असतो."

"असू दे. पीठ घे. पानी घाल, एवढं न्हाई, जरासं. मळ."

लंडनला कायदा शिकायला निघालेला वकील बाह्या वर करून मांडी घालून बसला. कोकिळा आणि वहिनी दोघी दाराला टेकून तमाशा बघत होत्या. पीठ त्याच्या कोपरापर्यंत गेलं.

"वकील झालास की," माय म्हणाली, "मंग आनी काय शिकायचं ऱ्हायलंय तुला?"

"आतापर्यंत कायदा लढवायला शिकलो. आता तो करायचा कसा ते शिकायचं. आपलं राज्य नवीन आहे, कायदेपण नवीन करावे लागतील."

"लढवायच्या परीस करायला जास्ती दिवस लागत्यात का?"

"दोन वर्षं."

त्याचे हात धरून मायनं भाकरी कशी फिरवायची ते दाखवलं. तिच्या हातात गोळा गरगर फिरला, त्याच्या हातात आला आणि मधोमध फाटला. वहिनी खुदकन हसली. दुसरी भाकरी तव्यावर पडताना दुमडली. तिसरी जेमतेम भाकरी म्हणावी अशी झाली, एका कडेला जाड, दुसरीकडं करपलेली.

दादा हातपाय धुऊन आला. मायनं ती तिसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा.

"आतून कच्ची हाय," दादा पहिल्या घासाला म्हणाला.

"खा गुमान," माय म्हणाली. तिनं परात अण्णाच्या पुढून ओढली, कडेचं पीठ बोटानं गोळा केलं आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "उद्या पुन्यांदा बस. भाद्रपदाला अजून लय दिवस हायेत."